ही पिल्ले कोणाची? टाकीत अचानक सापडलेल्या पिल्लांचे अनुभव

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या घरी माशांची तीन फुटांची काचेची टाकी आहे. तिच्यात चार ब्लॅक मॉली, सहा झेब्रा, दोन एंजल आणि तळाशी फिरणारे पाच कोरीडोरस असा मिश्र संसार गेली चार वर्षे नांदतो आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर दहाएक दिवसांनी मी टाकीवरच्या फिल्टरचा डबा धुण्यासाठी उघडला, तेव्हा स्पंजाखालच्या गाळात तीन पिल्ले वळवळताना दिसली. एका मॉलीचे पोट बरेच दिवस फुगलेले होते, त्यामुळे घरात सर्वांनी एकमताने ती पिल्ले तिच्या नावावर केली आणि सासूबाईंनी ‘बाळंतिणी’ला त्या दिवशी दोन दाणे जास्त घातले. मी पिल्ले वेगळ्या बरणीत ठेवली. मॉलीचे पिल्लू जन्मल्याबरोबर पोहू लागते आणि सहसा पाण्याच्या वरच्या भागात, एखाद्या पानाच्या आडोशाला थांबते. ही तिन्ही मात्र दिवसभर बरणीच्या तळाला पोट टेकून असत. भिंग घेऊन पाहिले, तेव्हा तोंडाशी बारीक मिशा दिसल्या. कोरीडोरसची मादी आपली चिकट अंडी काचेवर, पानांवर, नळीवर लावते आणि गार पाणी घातले की या माशांना अंडी घालण्याची चाहूल लागते. पावसाच्या दिवशी मी पाणी बदलले होते आणि ते नेहमीपेक्षा बरेच गार होते, हा दुवा नंतर जुळला. टाकीत राहिलेली अंडी-पिल्ले एंजलने खाल्ली असणार. पंपाच्या ओढीने वर फिल्टरमध्ये गेलेली तेवढी वाचली.

मी आईच्या पोटावरून नाव ठरवले आणि पिल्लू कोठे थांबते हे पाहिलेच नाही. अशी फसगत आणखी कोणाची झाली असेल, तर ती सविस्तर लिहावी, अशी मराठवाड्यातील मासे पाळणाऱ्यांना विनंती आहे. टाकीत कोणते मासे होते, पाणी नळाचे होते की बोअरचे, पिल्लू प्रथम कोठे दिसले आणि ओळख कशावरून पटली, एवढे जरूर सांगावे.

लातूर, शिक्षिका

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी येत होते, त्या वर्षी आमची टाकी माळ्यावर पडून होती. घागरी मोजून पाणी वापरणाऱ्या घरात माशांसाठी पाणी मागण्याचे धाडस मला झाले नाही. पुढे पाऊसमान सुधारल्यावर मी टाकी खाली काढली आणि त्यात एकच प्लॅटी मादी सोडली, कारण जोडी घेतली तर संख्या आवरत नाही, असे ऐकले होते. पाच आठवड्यांनी टाकीत अकरा पिल्ले दिसली. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की ती पाण्यातूनच आली असणार. मी पाणी गाळून भरत असल्यामुळे मला ते पटेना. त्यानंतर महिन्याभराने पुन्हा सात पिल्ले झाली आणि टाकीत नर तर औषधालाही नव्हता.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांच्या माद्या एकदा झालेल्या मीलनातील शुक्राणू काही महिने पोटात साठवून ठेवतात आणि त्यावर एकामागून एक अशा अनेक वेळा वितात, हे मला नंतर समजले. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असल्यामुळे तेथून आणलेली मादी बहुधा भरलेलीच असते. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की भांड्यांवर पांढरा थर बसतो. याच माशांना तसे पाणी मानवते, त्यामुळे आमच्या भागात अनोळखी पिल्लू दिसले की पहिला संशय या चौघांवर घ्यावा, असे माझे मत झाले आहे. नर-मादी ओळखण्याची खूणही सांगते. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, तर मादीचा पंख्यासारखा पसरट असतो.

हिंगोली, विद्यार्थी

माझ्या टाकीत निऑन टेट्रा आणि झेब्रा होते. काचेवर केसाएवढी पारदर्शक पिल्ले लटकलेली दिसल्यावर मी ती निऑनची म्हणून मित्रांना मोठ्या अभिमानाने दाखवली. निऑनला अंड्यांसाठी मऊ (कमी क्षारांचे), आम्लधर्मी पाणी आणि अंधार लागतो, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात यातले काहीच नव्हते, हा विचार मला शिवलाही नाही. काही आठवड्यांत पिल्लांच्या अंगावर शेपटीपर्यंत आडवे निळसर पट्टे उमटले आणि ती झेब्रा निघाली. झेब्राची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. टाकीच्या तळाशी मी मोठे गोटे ठेवलेले होते, त्यांच्या फटींत पडलेली अंडीच मोठ्या माशांच्या तोंडून वाचली असावीत.

परभणी, किराणा दुकानदार

आमच्या वस्तीत डेंग्यूची साथ आली, तेव्हा हौदांत सोडण्यासाठी गप्पी मासे वाटण्यात आले. मुलाच्या हट्टामुळे त्यातले पाच मी घरच्या टाकीत रंगीत गप्पींबरोबर सोडले. दोन महिन्यांनी पिल्ले झाली आणि आम्ही त्यांच्या शेपट्यांना रंग येण्याची वाट पाहू लागलो. तीन महिने झाले तरी सगळी राखाडीच राहिली. दरम्यान रंगीत नरांच्या लांब शेपट्या कडेने कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. आम्ही त्याला शेपूट सडण्याचा रोग समजून निळे औषध टाकत राहिलो.

शेवटी मुलानेच टाकीसमोर स्टूल घेऊन रात्रभर पहारा केला आणि ही राखाडी मंडळी शेपट्यांना तोंड घालताना पकडली. ती गप्पी नव्हती, गॅम्बुशिया होती. दोन्ही मासे डासांच्या अळ्या खातात, दोन्ही पिल्ले देतात, आणि आपल्याकडे सरसकट दोन्हींना गप्पीच म्हटले जाते. गॅम्बुशियाचा नरही रंगीत होत नाही. त्याचे डोके वरून चपटे असते आणि तोंड आकाशाकडे वळलेले असते. गप्पीचेही तोंड थोडे वर असते, त्यामुळे केवळ तोंडावरून निर्णय करू नये, तीन महिन्यांचा नर रंगला की नाही ते पाहावे. औषधाचे पैसे पाण्यात गेले, ते अक्षरशः.

बीड, गृहिणी

माझा अनुभव लहानसा आहे. तलावातून आणलेल्या पाणवनस्पतीबरोबर आलेले एक ‘पिल्लू’ मी चार दिवस अंड्याच्या पिवळ्या बलकावर पोसले. त्याला सहा पाय आहेत आणि शेपटीला तीन पाने आहेत, हे पुतण्याने दाखवून दिले. ती टाचणीची, म्हणजे चतुरासारख्या बारीक अंगाच्या किड्याची, शिकारी अळी होती. टाकीत खऱ्या पिल्लांची संख्या रोज का घटत होती, ते त्यानंतर कळले.

जालना जिल्हा, शेतकरी

बीडच्या ताईंनी तलावातील वनस्पतींचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मीही गावतळ्यातून तशीच वनस्पती आणली होती आणि तिच्यात नखाएवढे, नारिंगी झाक असलेले एक पिल्लू आले. टाकीत प्लॅटी असल्यामुळे रंगावरून मी ते प्लॅटीचेच धरले. ते मधूनमधून वर येऊन पृष्ठभागावर हवा गिळून जात असे. प्लॅटी असे करत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. त्याचे अंग प्लॅटीसारखे उंच न होता लांबट नळीसारखे होत गेले, नारिंगी रंग उतरून पाठ काळसर झाली आणि टाकीतले प्लॅटी एकेक करून नाहीसे होऊ लागले. आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या एका जुन्या जाणत्या मासेमाराने टाकीकडे पाहताच ‘अहो मालक, मरळ पाळलीत की!’ असे म्हणून कपाळाला हात लावला. मरळीची पिल्ले लहानपणी तांबूस-नारिंगी असतात, थव्याने राहतात आणि आईबाप त्यांची राखण करतात, हे त्यांनीच सांगितले. मरळ आता माझ्या शेततळ्यात आहे आणि टाकीत वनस्पती लावण्यापूर्वी मी ती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवतो.

नांदेड, सेवानिवृत्त

माझ्या टाकीत दुकानदाराने ‘सकर’ म्हणून दिलेले दोन तपकिरी मासे होते. मातीच्या फुटक्या कुंडीखाली एक मासा आठवडाभर ठाण मांडून बसला, खाण्यासाठीही बाहेर येईना, तेव्हा मी तो आजारी समजून कुंडी उचलली. खाली नारिंगी अंड्यांचा घोस होता. कुंडी मी तशीच परत ठेवली. पुढे काही दिवसांनी पिवळ्या पोटाची इवलीशी पिल्ले काचेला तोंड लावून चिकटलेली दिसली. एका परिचितांनी ही पिल्ले सकरची असूच शकत नाहीत, असा ठाम निर्वाळा दिला, कारण सकर घरच्या टाकीत अंडी घालत नाही.

त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर होते. फूट-दीड फूट वाढणारा साधा सकर तळ्याच्या काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि टाकीत ते साधत नाही. माझा मासा मात्र ब्रिसलनोज होता. तो चार-पाच इंचांवर थांबतो, नराच्या नाकावर झाडाच्या मुळांसारखे मांसल धुमारे येतात आणि अंड्यांची राखण तोच करतो. ‘सकर’ या एका शब्दाने दुकानात किती जाती विकल्या जातात, याचा मला त्या दिवशी अंदाज आला. पिल्लांना मी उकडलेली काकडी आणि दोडक्याच्या चकत्या देत असे.

धाराशिव, लिपिक

आमच्या कार्यालयातील टाकीत लाल प्लॅटी आणि लाल स्वोर्डटेल दोन्ही होते. पिल्ले झाल्यावर मी ती प्लॅटीची म्हणत असे, तर शिपाईमामा स्वोर्डटेलची म्हणत, आणि त्यावर चहाची पैज लागली. सहा महिन्यांनी नरांच्या शेपटीखालून तलवार फुटली खरी, परंतु ती अर्ध्यावरच थांबली आणि अंग प्लॅटीसारखे बसके राहिले. हे दोन मासे एकमेकांत सहज मिसळतात, त्यामुळे पैजेचा चहा दोघांनी निम्मा निम्मा दिला.

अंबाजोगाई, औषध विक्रेता

माझा प्रश्न अद्याप पूर्ण सुटलेला नाही. टाकीत गोरामीची जोडी आणि चार रोझी बार्ब आहेत. वर तरंगणाऱ्या पानांखाली फेस जमला होता, तो मी अस्वच्छता समजून जाळीने काढून टाकला. गोरामीचा नर तोंडाने बुडबुडे सोडून तसे घरटे बांधतो, हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर आठवड्याने पृष्ठभागाच्या लगत टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले दिसली आणि कोबीच्या पानाचे पाणी कुजवून तयार केलेल्या सूक्ष्म जीवांवर त्यांतील नऊ जगली. रोझी बार्बची मादीही त्याच दिवसांत जाडजूड होती, त्यामुळे मी दोन्ही शक्यता धरून चाललो आहे. गोरामी असतील तर ती वाढल्यावर हवा घेण्यास वर येतील, म्हणून पाण्यावरची हवा उबदार राहावी यासाठी टाकीवर काच झाकून ठेवली आहे. आज सहावा आठवडा आहे. काल संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी त्यांतले एक पिल्लू सरळ वर आले, पृष्ठभागाला तोंड लावून गेले आणि दोन मिनिटांनी पुन्हा आले.