मदत हवी आहे: भाऊ हरलेले पैसे काढायला पुन्हा खेळतोय, त्याचं कर्ज आपण फेडावं का?

मंडळी, माझा धाकटा भाऊ ऑनलाइन रुलेटच्या नादी लागलाय. घरात हे फक्त मला आणि वहिनीला माहीत आहे. नोकरी चांगली, दुसरं कसलंही व्यसन नाही, हिशेबात तर एकदम पक्का. त्यामुळेच मला काय बोलावं ते सुचत नाहीये. मी जे गणित सांगते ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबते यावर पैज. चाकावर 37 घरं. 18 लाल, 18 काळी आणि एक हिरवं शून्य. रंग बरोबर आला तर लावले तेवढेच वर मिळतात, शून्य आलं तर दोन्ही रंगांवरचे सहसा जातात. या एका घरावर सगळा धंदा उभा आहे, कारण त्यामुळे लावलेल्या प्रत्येक 100 मागे सरासरी 2.70 चालवणाऱ्याला सुटतात (दोन शून्यांच्या चाकावर 5.26). आकडा किरकोळ वाटतो, पण तो खिशातल्या पैशांवर नाही, उलाढालीवर लागतो. 100 घेऊन बसलेल्या माणसाने जिंकलेले परत लावत दहा-दहाच्या शंभर पैजा केल्या, तर फिरले 1000 आणि त्यातले सरासरी 27 गेले. मोबाइलवर शंभर पैजांना वेळ तो किती लागणार!

त्याची पद्धत म्हणजे हरलं की पुढची पैज दुप्पट. 1, 2, 4, 8 असं चढत जायचं, एकदा जिंकलं की आधीचं सगळं भरून 1 हातात. सलग सात वेळा हरलं तर 127 जातात, आणि अशी वेळ साधारण 106 वेळा सुरुवात केली की एकदा येते. म्हणजे 105 वेळा एकेक मिळवायचा आणि एका फटक्यात 127 घालवायचे. मी हे कागदावर मांडत होते, तर माझी बेरीज व्हायच्या आत त्याने उत्तर सांगितलं.

तरी रात्री खेळतोच. ॲपच्या कडेला आधीच्या डावांचे रंग ओळीने दिसतात. पाच-सहा काळे लागोपाठ आले की त्याचा हात शिवशिवतो, "आता लाल यायलाच हवा." त्या ओळीने पुढचा रंग कळत असता तर चालवणाऱ्याने ती फुकट दाखवली असती का? मी त्याला माँटे कार्लोच्या जुगारघराची हकिगत सांगितली. 18 ऑगस्ट 1913 ला तिथे सलग 26 वेळा काळा आला आणि लालवर पैसे ओतणारे धुऊन निघाले. तर म्हणतो, "शेवटी कधीतरी लाल येतोच ना, ताई." येतो. पण 1 पासून दुप्पट करत गेलेल्या माणसाला तोवर 27 वी पैज 6 कोटी 71 लाखांच्या वर लावावी लागली असती. एवढे कोणाकडे असतात, आणि कुठलं टेबल एवढी पैज घेतं?

परवा त्याने जे सांगितलं ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. "मला जिंकायचं नाहीये. माझे गेलेले तेवढे काढले की कायमचं बंद." त्यासाठी आता तो माझ्याकडे पैसे मागतोय. काही देणेकऱ्यांचे, काही 'शेवटचा एकदा' खेळायला. खेळायच्या पैशांना मी नाही म्हटलंय. पण कर्ज फेडावं का? वहिनी म्हणते फेडून टाका, ताण गेला की खेळणंही जाईल. मला धीर होत नाही. कोणाच्या घरात हे झालं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद 1

ताई, रोख अजिबात देऊ नका. बाकी सविस्तर कोणीतरी लिहीलच.

प्रतिसाद 2

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. 'गेलेले काढायचे' हेच या आजाराचं नेमकं लक्षण आहे. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात 2013 पासून जुगाराचं व्यसन दारू आणि अमली पदार्थांच्या गटात धरलंय. त्याच्या नऊ निकषांत हरल्यावर भरपाईसाठी पुन्हा जाणं येतं, आणि पैशांच्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यांवर विसंबणंही. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडलं होतं की झालेलं नुकसान ज्याने मनाने स्वीकारलेलं नाही, तो एरवी ज्याला हात लावणार नाही असा धोका पत्करतो. तुमच्या भावाला गणित येतं. 'गेले ते गेले' हे त्याला म्हणता येत नाहीये. म्हणून बोलताना शक्यतांचा विषय सोडा, या बुडालेल्या रकमेबद्दल बोला.

कर्जाचं म्हणाल तर आधी सगळ्या देण्यांची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. पहिल्या खेपेला सहसा पूर्ण आकडा बाहेर येत नाही, तेव्हा पुन्हा विचारा. मदत करायचीच तर थेट देणेकऱ्याला, हप्त्याने, आणि तीही त्याचा पगार काही काळ वहिनींच्या हातात राहील, कार्डं आणि कर्जाची ॲप बंद होतील, खेळाच्या साइटवर तो स्वतःला बंदी घालून घेईल या अटींवर. सगळं एकदम फेडलं तर त्याच्या दृष्टीने पाटी कोरी होते आणि नवं कर्ज मिळायची वाट मोकळी होते. उपचार करणारा माणूस गाठा, विचार बदलण्यावर काम करणारी थेरपी यात उपयोगी पडते. आणि एक विचाराच, सरळ शब्दांत: जीव द्यावासा वाटतो का? कर्जात अडकलेल्या जुगाऱ्यांमध्ये हा धोका खरा असतो. विचारल्याने तो वाढत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. यादीचं आज रात्रीच काढते, वहिनीलाही सोबत बसवते. एक विचारायचं राहिलं, पगार वहिनीच्या हातात द्यायला तो चिडून नकार देईल. तेव्हा अट सोडायची, की मदत थांबवायची?

प्रतिसाद 2

पैशाची मदत थांबवा. बोलणं आणि घरी येणं-जाणं चालू ठेवा.