आवाज यायलाय, चित्र नाही: काळ्या पडलेल्या टीव्हीचे अनुभव लिहा

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच घरांत स्मार्ट टीव्ही अचानक काळा पडला. जवळजवळ सगळ्यांना पहिलं वाक्य एकच ऐकायला मिळालं, 'पॅनेल गेलंय, नवीनच घ्या.' पॅनेल म्हणजे चित्र उमटवणारी पुढची काच. त्यातले काही टीव्ही आजही भिंतीवर झकास चालू आहेत. म्हणून हा धागा. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा, जत, कुठलेही असा. आवाज होता का, लाल दिवा होता का, शेवटी दोष कशात निघाला, ते लिहा. कंपनीचं आणि दुकानाचं नाव नको, उगाच भांडणं होतात. 'आमचापण गेला' एवढंच लिहून पळू नका.

सांगली, विश्रामबाग

आमच्याकडं आवाज व्यवस्थित, रिमोटनं चॅनेलही बदलत होतं, पडदा मात्र काळा. बघायला आलेल्यानं न उघडताच पॅनेल म्हणून सांगितलं आणि जो आकडा बोलला त्यात थोडी भर घातली तर नवा टीव्ही आला असता. धाकट्या दिरांनी सांगितलं म्हणून रात्री हॉलमधले दिवे मालवले आणि मोबाइलची बॅटरी लावून पडद्याला अगदी टेकवून तिरकी धरली. त्या उजेडाच्या गोलात बातम्यांची खालची पट्टी सरकताना दिसली! फिकट, पण अक्षरं वाचता येत होती. बॅटरी वर सरकवली तर निवेदिकेचा चेहरा. मग दुसऱ्याला बोलावलं. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या पट्ट्या गेल्या होत्या, सगळ्या बदलल्या. त्यानं जुनी पट्टी दाखवली, एका एलईडीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा डाग होता. सेटिंगमध्ये बॅकलाइट पहिल्या दिवसापासून १०० वर होता. आता निम्म्यावर ठेवलाय, संध्याकाळी तेवढा पुरतो.

मिरज, दुरुस्तीवाला

ताईंनी केलं ते बरोबर. बॅटरीच्या उजेडात चित्र दिसलं म्हणजे पॅनेल, मेन बोर्ड, टी-कॉन (पॅनेलला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड) सगळं जिवंत आहे, मागचा उजेड तेवढा गेलाय. आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो खरा एलसीडीच, त्याला स्वतःचा उजेड नसतो. एलईडी मागं पट्ट्यांवर एकापुढं एक जोडलेले असतात. एक जळून सर्किट तुटलं की ती अख्खी ओळ विझते, आणि ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारं सर्किट) गडबड ओळखून बहुतेक वेळा बाकीच्यांचाही पुरवठा तोडतो. चालू केल्यावर सेकंदभर चित्र चमकून गेलं तर पहिला संशय यावरच घ्यायचा. पडद्यावर गोल पांढरे ठिपके दिसायला लागले असतील तर एलईडीवरची भिंगं गळून पडली म्हणायची. ओएलईडी टीव्हीला ही बॅटरीची परीक्षा लागू नाही, त्यात मागं बॅकलाइट नसतोच.

'जळालाय तेवढा एकच बदला की ओ,' असं गिऱ्हाईक म्हणतंच. मी करत नाही. बाकीचे तेवढेच तापलेले असतात, त्यातला दुसरा जातो आणि शिव्या मला. पट्ट्या बदलायला काच उचलून बाजूला ठेवावी लागते आणि खरी जोखीम तिथंच आहे. कडेच्या फितींना (काच बोर्डाला जोडणाऱ्या पातळ पट्टीसारख्या वायरींना) हिसका बसला तर चांगलं पॅनेल कायमचं गेलं. ज्याच्याकडं मोठं टेबल आणि हाताखाली दुसरा माणूस नाही त्याला ५५ इंची टीव्ही उघडायला देऊ नका, स्वस्तात करतो म्हणाला तरी.

खरोखर पॅनेल गेलेले टीव्हीपण येतात, विशेषतः दिवाळीच्या साफसफाईनंतर. पडद्यावर थेट फवारा मारतात, ओघळ खालच्या चौकटीत उतरतो. बऱ्याच टीव्हींत काचेला चिकटलेल्या फिती नेमक्या तिथंच असतात. त्या खराब झाल्या की आमचे हात टेकले. पाणी फडक्यावर घ्या, पडद्यावर नको.

आणि यूट्यूब बघून घरी मागचं झाकण काढू नका. प्लग काढल्यावरसुद्धा पॉवर बोर्डावरच्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो.

विटा

आमची केस वेगळी. आवाज नाही, चित्र नाही, लाल दिवापण नाही. वळवाच्या पावसात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. आधी ट्यूब भगभगली, पंखा सुसाट सुटला. शेजारचे आप्पा 'मेन पाडा, मेन पाडा' म्हणून ओरडेपर्यंत गल्लीतले बरेच टीव्ही आणि चार्जर गार झाले होते. न्यूट्रल तुटला की घरात २३० व्होल्टच्या जागी ३००-३५०, कधी ४०० च्या आसपाससुद्धा येतात. मेकॅनिकनं आमचा पॉवर बोर्ड दाखवला. त्यावरची निळी चकती फुटून काळी पडलेली, शेजारचा फ्यूज उडालेला. ती चकती म्हणजे व्हॅरिस्टर, स्वतः शॉर्ट होऊन पुढचं सर्किट वाचवायलाच बसवलेली असते. दोन्ही नवं घातल्यावर टीव्ही चालू. पलीकडच्या घरात पुढचं सर्किटपण जळालं होतं, त्यांना अख्खा बोर्ड घालावा लागला. एमसीबी आहे म्हणून निवांत राहू नका, तो जादा करंटला पडतो, जादा व्होल्टेजला नाही. जादा व्होल्टेजसाठीचं वेगळं उपकरण घराच्या मेन स्विचच्या बोर्डात बसवून मिळतं, आम्ही आता बसवलंय.

तासगाव

आमचा टीव्ही बिघडलाच नव्हता! आई सकाळी यूट्यूबवर हरिपाठ लावते. रिमोटवर कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि पडदा बंद, हरिपाठ चालू. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत 'पिक्चर ऑफ' अशी सोय असते, फक्त ऐकायला. दुसरं बटण दाबलं की चित्र परत. मेकॅनिक बिचारा चहा पिऊन गेला, पैसे घेतले नाहीत.

माधवनगर

लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकायचा, थांबायचा, परत तेवढ्याच वेळा. मिस्टरांनी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला. फोनवर सेवा केंद्राला लुकलुकण्याचा आकडा सांगितला तर त्यांचा माणूस येतानाच पॉवर बोर्ड घेऊन आला. दिवा नुसता चालू-बंद होतोय म्हणून सोडून देऊ नका, मोजा.

कुपवाड

टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावली होती आणि तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीत. मॅच ऐन रंगात आली की पडदा काळा. टीव्हीच्या यूएसबीतून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो, स्टिकला एक लागतो. तिच्यासोबत आलेला अडॅप्टर खोक्यात तसाच पडून होता, तो भिंतीत लावला. विषय संपला.

सांगली, गावभाग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा टीव्ही भिंतीवरच राहिला. परत आलो तर भिंतीवरची गाळाची रेघ बरोबर टीव्हीच्या खालच्या कडेवरून गेलेली. सासऱ्यांनी कुणालाही प्लगला हात लावू दिला नाही. आमच्या आळीत ज्यांनी 'बघू तरी' म्हणून चालू केले त्यांचे बोर्ड तिथंच जळाले. मेकॅनिकनं झाकण काढलं तर तळाला वाळका गाळ, बोटानं चुरला जाणारा, आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर. बोर्ड सुटे करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतले, चांगले वाळू दिले. लावल्यावर दिवा आला, आवाज आला, चित्र नाही. मग टी-कॉनला जाणारी फीत काढून तिची दोन्ही टोकं साफ केली, तेव्हा चित्र आलं. खालच्या बाजूला पुसट डाग राहिले ते राहिलेच, पडद्यामागच्या पातळ शीटांमध्ये पाणी गेलं होतं. त्यावरच आम्ही पुढं बरीच वर्षं टीव्ही बघितला.

२०२१ ला नदी वाढायला लागल्यावर सगळ्यात आधी टीव्ही माडीवर नेला, आणि उभा ठेवला. गडबडीत लोक आडवा टाकतात आणि वर गाद्या, भांडी रचतात. पूर दारापर्यंत न येताही काच जाते ती अशी.

जत

आमच्यात कंपनीचा लोगो येतो, जातो, काळं होतं, परत लोगो. मिरजेच्या दादा, ह्यात पॅनेल का मदरबोर्ड? गावात बघणारा कुणी नाही, सांगलीला आणायचं म्हणजे गाडी करावी लागती.

मिरज, दुरुस्तीवाला

लोगो परत परत दिसतोय म्हणजे पॅनेल आणि बॅकलाइट बहुतेक ठणठणीत. सुरुवात करताना सॉफ्टवेअर अडकत असणार. गाडी करायच्या आधी एवढं करा. सेट-टॉप बॉक्स, पेन ड्राइव्ह, होम थिएटर, सगळं उपसून काढा. प्लग काढा आणि टीव्हीच्या अंगावरचं बटण, रिमोटचं नाही, अर्धा मिनिट दाबून धरा. थोडा वेळ थांबून मग प्लग लावा. तरी तेच झालं तर तेच बटण दाबून ठेवून प्लग लावला की काही मॉडेलांत रीसेटचा पडदा येतो. वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला फोन. सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून घालायची वेळ आली तर मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर जुळवूनच घ्या. एखादं अक्षर इकडंतिकडं झालं तर आत्ता दिसतोय तो लोगोपण जाईल. एवढं करून नाही झालं तर मेमरीची चिप, ते काम मात्र दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरच होतं.

जत

सगळं उपसून बघितलं, लोगोच्या पुढं गेलं नाही. बटण दाबून प्लग लावल्यावर मात्र रीसेटचा पडदा आला, आणि झालं की ओ चालू! आता सगळ्या ॲपांना परत लॉगिन मागायलंय. पासवर्ड पुण्यातल्या पोराला माहीत, आणि तो काही फोन उचलंना.