विमानाच्या क्रेडिटवरची शेवटची तारीख बुकिंगची की प्रवासाची?

वेंधळी_प्रवासी:
आईची आणि माझी परतीसकट तिकिटं गेल्या 20 मार्चला काढली होती, सप्टेंबरच्या प्रवासाची. निघायच्या नऊ दिवस आधी आई बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. त्याच संध्याकाळी दोन्ही तिकिटं रद्द केली. नॉन-रिफंडेबल असल्यामुळे पैसे परत नाहीत, क्रेडिट मिळालं, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटाला वापरायची रक्कम. म्हटलं, ठीक आहे, वर्षभर आहे हाताशी.

काल जुनी ईमेल उघडली तर खाली बारीक अक्षरात "वैधता 19 मार्च". मी वर्ष सप्टेंबरपासून मोजत बसले होते! म्हणजे क्रेडिट हातात पडलं तेव्हाच निम्मं वर्ष संपलेलं.

आता प्रश्न असे. 19 मार्चच्या आत नुसतं बुकिंग केलं तर चालेल की प्रवासही करायला हवा? आईचं क्रेडिट मला वापरता येईल का? ती सध्या विमानाचं नावच काढू देत नाही. आणि आत्ता दिसणारं तिकीट जुन्याच्या साधारण साठ टक्क्यांत येतंय, तर उरलेल्याचं काय होतं? जाणकारांनी सांगा, आमच्याकडे जेमतेम दोन महिने आहेत.

खिडकीमागचा:
तिकीट खिडकीवर अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

तिकिटाचं वर्ष साधारणपणे ते काढलं त्या दिवसापासून मोजतात, रद्द केल्यापासून नाही. यात भलेभले फसतात. तारीख कशाची, हे मात्र कंपनीगणिक बदलतं. काहींना तोवर बुकिंग झालेलं पुरतं, काहींना तोवर पहिलं विमान सुटलेलं लागतं. भाड्याच्या नियमांत "प्रवास सुरू" असे शब्द आहेत का ते बघा.

कंपनीशी बोलताना सहा अक्षरांचा पीएनआर नव्हे, 13 अंकी तिकीट क्रमांक द्या. पहिले तीन अंक कंपनीचे असतात. पैसे त्या क्रमांकाला चिकटलेले असतात, बुकिंगला नाही. दोघींचे क्रमांक वेगळे, म्हणजे क्रेडिटंही दोन. आईचं क्रेडिट बहुतेक ठिकाणी आईच्याच नावावर चालतं.

उरलेल्या रकमेचं बुकिंगच्या आधी विचारा, आणि फोनवर नको, चॅटवर, म्हणजे लेखी राहतं. काही कंपन्या बाकीचं नवं क्रेडिट देतात, पण तारीख जुनीच. काही सरळ गिळतात.

एक बरं केलंत, विमान सुटायच्या आधी रद्द केलंत. नुसतं गेलाच नसतात तर नो-शो लागला असता, आणि मग बहुतेक स्वस्त तिकिटांत क्रेडिटही उरत नाही. परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं.

हिशेबी_माणूस:
मी क्रेडिटला दर्शनी किमतीच्या सत्तर टक्केच धरतो. तीच कंपनी, तेच नाव, तारखेची टांगती तलवार. एवढ्या अटी असलेल्या नोटेला कोण पूर्ण किंमत देईल?

"बदल फुकट" या जाहिरातीलाही भुलू नका. 2020 मध्ये युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या अमेरिकी विमान कंपन्यांनी बऱ्याच तिकिटांवरचं बदलशुल्क काढलं, पण भाड्यातला फरक भरावाच लागतो. प्रवास जवळ आला की खरा चटका त्या फरकाचाच बसतो.

खिडकीमागचा:
सत्तर जरा कमी वाटतात, पण मुद्दा मान्य.

ताईंना आता उपयोग नाही, तरी इतरांसाठी लिहून ठेवतो. जाणार नाही हे पक्कं झालं तरी रद्द करायची घाई करू नका. मधल्या दिवसांत कंपनीनंच विमान रद्द केलं तर क्रेडिटऐवजी पैसे मागता येतात. युरोपात 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमानुसार असा परतावा सात दिवसांत द्यायचा असतो. अमेरिकेच्या 2024 च्या नियमात वेळ देशांतर्गत तीन तास किंवा आंतरराष्ट्रीय सहा तास बदलली आणि तुम्ही ती नाकारलीत, तरी पैसे परत.

वेंधळी_प्रवासी:
म्हणजे मी ते नऊ दिवस कळ काढायला हवी होती? आणि मी त्या रात्री एक्स-रेच्या रांगेत उभी राहून मोबाइलवर रद्दचं बटण दाबत होते!

खिडकीमागचा:
काही भाड्यांत दिवस जवळ येतील तसं रद्द करण्याचं शुल्क वाढतं. तसं नसेल तर आदल्या दिवसापर्यंत थांबायचं. पण एक्स-रेच्या रांगेत हे कोणाला सुचतं? मनाला लावून घेऊ नका.

वेंधळी_प्रवासी:
अपडेट. चॅटवर चाळीस मिनिटं घासाघीस केली. आमच्या नियमांत "प्रवास सुरू" हेच शब्द निघाले. 19 तारखेपर्यंत पहिलं विमान सुटलं पाहिजे, परतीचं नंतर चालेल. उरलेल्याचं नवं क्रेडिट मिळणार, मुदत तीच, म्हणजे शोभेपुरतं. म्हणून स्वस्त तिकीट सोडून थोडं महागातलं, मधे न उतरणारं घेतलं, 17 मार्चचं. खिडकीच्या जागेला क्रेडिट चालत नाही म्हणे, ते पैसे खिशातून गेले.

आईला सांगितलं, तुझं क्रेडिट वाया जाणार. ती म्हणाली, "वाया कशाला? माझ्या नावाचं आहे ना, मग मीच येते. फक्त तुझी बॅग मी उचलणार नाही."