अनुभव धागा : व्यसन सोडवताना तुमच्या घरात काय झालं?

धागा का काढतेय ते आधी सांगते. माझे मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत. सतरा वर्षं रोज प्यायचे, पुढं पुढं सकाळी उठल्यावरही. मागच्या चैत्रात त्यांना जोतिबाला नेलं, शपथ घातली आणि घरी आणून आतल्या खोलीत ठेवलं. बाहेरून कडी लावली. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की बशीत कप वाजायचा. सासूबाई म्हणाल्या, "सुटतीय, जरा कळ काढ." दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी अंगावर मुंग्या आल्यात म्हणून चादर झाडत बसले होते. मला ओळखेनात. पोरगी दाराआड उभी राहून सगळं बघत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. मेंदूला रोजच्या दारूची सवय झालेली असते, ती एकदम तोडली की मेंदू उसळतो. फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, भ्रम दोन ते चार दिवसांत, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. औषधं आणि बी-१ ची इंजेक्शनं देऊन त्यांना सावरलं. हे आधी माहीत असतं तर कडीला हातही लावला नसता.

तुमचं लिहा. नावं नकोत.

पेठेतला एकजण
वहिनी, माझं दारूचं नाही, इंजेक्शनचं. आजोबा खासबागेत कुस्ती खेळलेले, घरात बदामाची थंडाई. मी जिमला गेलो आणि एकानं मेफेंटरमाईन दिलं. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो वर आणायचं औषध हाय ते. दोन दिवस झोप न्हाई, छाती धडधडायची, व्यायाम मात्र लई व्हायचा. मग डोस वाढत गेला. शेवटी गल्लीतली सगळी माझ्यावरच पाळत ठेवत्यात असं वाटाय लागलं. आईवर पण संशय घेतला, तेवढं अजून मनातून जात न्हाई.

गंगावेशीतून
वडिलांचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून आम्ही दोन महिने झाडपाला दिला. पोट फुगल्यावर तपासलं तर लिव्हर आकसलेलं. आठ महिन्यांत गेले.

सहा वर्षं कोरडा
मी पुण्याला मुक्तांगणात राहिलो. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं केंद्र. परत आलो, चार महिने नीट गेले, आणि मित्राच्या शेतावर मटणाच्या जेवणाला एक पेग घेतला. आठवड्यात होतो तिथंच. म्हणून सांगतो, उपचार संपले म्हणजे आजार संपला असं नव्हे. दुसऱ्यांदा एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस गटाच्या मीटिंगा धरल्या, त्या अजून सोडल्या नाहीत. बायको वर्षानुवर्षं कंपनीत फोन करून "त्यांना ताप आहे" सांगायची. अलॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला जायला लागल्यावर तिनं ते बंद केलं. तेव्हा तिचा राग आला होता, पण मी हललो तो त्यानंतरच.

नवीन आहे
ताई, माझा भाऊ रोज दोन क्वार्टर घेतो. उद्या अमावस्या झाली की परवापासून घरातच बंद करायची ठरवलीय. मामा येणार आहेत धरून ठेवायला.

धागाकर्ती
दादा, असं घरात धरून ठेवू नका, हात जोडून सांगते. आधी डॉक्टरकडं न्या, किती पितो ते न लपवता सांगा. बंद कशी करायची ते त्यांना ठरवू दे. मामांना दवाखान्यात सोबत घ्या, तिथं त्यांची खरी गरज लागेल. सरकारी हेल्पलाईन १४४४६ आहे, पैसे पडत नाहीत. आत्ता फोन करा आणि काय म्हणाले ते इथं लिहा. मी जागी आहे.