गोधडीच्या सगळ्या चौकोनांची उंची आधी १२ इंच करा
ताई, तुमच्याकडे गोधडीसाठी शिवलेले ६, ९ आणि १२ इंचांचे चौकोन आहेत आणि मांडणी जुळत नाही म्हणता, तर ९ चे कापून लहान करू नका! इतकी मेहनत घेतलेले तुकडे कापताना जीव तुटतो. तिन्ही मापं ३ च्या पटीत आहेत, हे तुमचं नशीबच. दोन ६ चे एकावर एक जोडले की १२ उंची झाली. ९ च्या चौकोनाला वर किंवा खाली ३ इंची पट्टी लावा, तोही १२ वर येतो. मग रुंदीत १२+९+६+१२+९+१२ अशी ६० इंचांची ओळ होते. अशा ७ ओळी म्हणजे ६० बाय ८४ ची ऐसपैस गोधडी.

ही सगळी मापं शिवून झाल्यानंतरची. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरायची, म्हणजे ती पट्टी साडेतीन बाय साडेनऊ कापायची. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पट्टी एकदा वर, एकदा खाली घ्या, ओळींचा साचेबंदपणा मोडतो. शिवण्याआधी सगळं जुन्या चादरीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. गडद तुकडे एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील तर लगेच दिसतात.

आणि मापंच नकोशी झाली तर कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. त्या कडेपासून तुकडे जोडत मध्याकडे येतात, आधी मांडणी ठरवतच नाहीत. मला ती पद्धत फार आवडते, पण तुमचे चौकोन तयार आहेत, त्यांना १२ चा हिशेबच बरा.