एलसॅट: एलआरमध्ये 25 पैकी 19च होतात, वेळ जातो कुठे?

मेट्रोपार्क_आठ_दहा:
नमस्कार मंडळी. मी एडिसनला राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं घालवल्यावर आता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जेडी (अमेरिकेतली कायद्याची पदवी) करायचं डोक्यात घेतलंय. त्याच्या प्रवेशपरीक्षेचं, म्हणजे एलसॅटचं, रीडिंग कसंबसं जमतं, पण लॉजिकल रीझनिंगला (एलआर, छोटे युक्तिवाद तपासायचा सेक्शन) 35 मिनिटं संपतात तेव्हा मी एकोणिसाव्या प्रश्नावर असते. उरलेल्या सहांना डोळे मिटून 'सी'. ऑगस्ट 2024पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा सेक्शन गेला आणि गुण धरले जाणारे एलआरचे सेक्शन दोन झाले, म्हणजे हे रडगाणं दोनदा. घड्याळ न लावता बसले तर 22 बरोबर येतात. वाचायचा वेग वाढवायला कोणी काय केलं?

जुना_अशील:
वेगाचं राहू द्या. पुढचा सेक्शन सोडवताना प्रत्येक प्रश्न हातावेगळा झाला की घड्याळात किती वाजले ते वहीत टिपा, आणि ते आकडे इथे टाका. मी दोनदा परीक्षा दिली. पहिल्या वेळी मलाही आपण हळू वाचतो असंच वाटायचं.

मेट्रोपार्क_आठ_दहा:
टिपलं. 11, 14, 16 आणि 18 या चौघांनी मिळून 13 मिनिटं खाल्ली, आणि त्यातले तीन चुकलेच. चौदाव्यावर तर 'बी' की 'डी' करत चार मिनिटं बसले. उत्तर 'ए' निघालं!

जुना_अशील:
आता गणित बघा. बाकीचे 15 प्रश्न तुम्ही 22 मिनिटांत केलेत, म्हणजे एकेकाला दीड मिनिटाच्या आत. सरासरी लागते 84 सेकंदांची. तुमचा वेग ठीकच आहे हो, हट्ट नडतोय. सोप्या प्रश्नाला एक गुण आणि छळणाऱ्यालाही एकच, मग त्याच्या दारात धरणं कशाला? दोन मिनिटं झाली की अंदाजे उत्तर टेकवा, फ्लॅग लावा, पुढे व्हा. वेळ उरला तर परत या. परत आल्यावर तोच प्रश्न कधी कधी दहा सेकंदांत सुटतो.

'बी की डी'मध्ये अडकलात की पर्याय घोळू नका, वर जाऊन निष्कर्ष कुठला ते पुन्हा शोधा. प्रश्न गृहीतकाचा असेल तर पर्याय उलटा करून बघायचा. समजा मजकूर असा: 'कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याने भाव वाढवला, तरी रांग तेवढीच. म्हणजे लोक चवीसाठीच येतात.' बी म्हणतो, तो वडा ताज्या तेलात तळतो. डी म्हणतो, आसपासच्या गाड्यांनी तेवढाच भाव वाढवलेला नाही. बी उलटा करा: तेल ताजं नाही. बरं मग? निष्कर्षाचं काही बिघडत नाही. डी उलटा करा: सगळ्यांनीच तेवढा भाव वाढवला. मग लोक जाणार कुठे? चवीचा मुद्दा लटकला. उत्तर डी. सवय झाली की याला वीस सेकंद पुरतात. पण हे फक्त आवश्यक गृहीतकाच्या (ज्याशिवाय निष्कर्ष टिकत नाही) प्रश्नांना चालतं, सगळीकडे लावू नका. मी लावलं होतं.

कोथरूड_ते_क्वीन्स:
थोडा विरोध. 'पहिले दहा 10 मिनिटांत' असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो पाळायला गेलो आणि सुरुवातीचे सोपे प्रश्न घाईत घालवले. 'काही' आणि 'बहुतेक' यांतला फरक नजरेतून सुटला की आलेला गुण हातचा जातो. पुढचे प्रश्न साधारण कठीण होत जातात हे खरं, पण म्हणून सोप्यांवर धावत सुटायचं नाही. स्क्रीनवरचं घड्याळ लपवता येतं. मला त्याचाच उपयोग झाला.

मेट्रोपार्क_आठ_दहा:
काल रविवारी पुन्हा बसले, मुलगा क्रिकेटला गेला तेवढ्या वेळात. 23 प्रश्नांपर्यंत पोचले, 18 बरोबर. घड्याळ लपवून बघितलं, पण जीव राहिना, दर मिनिटाला उघडत होते. ते आपल्याच्याने होणार नाही. समांतर तर्काचे (दिलेल्या युक्तिवादासारखाच दुसरा शोधायचे) ते लांबलचक दोन प्रश्न मात्र वाचलेसुद्धा नाहीत, सरळ सोडले. हे चालतं का, की आळस झाला?

जुना_अशील:
चालतं. मीही ते शेवटालाच ठेवायचो. फक्त रिकामे सोडू नका, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुमचा लाडका 'सी' तिथे टाका.