पक्षाघातानंतर घरी येऊन मिळणारी वैद्यकीय सेवा : सल्ला हवा आहे

पेठेतला :
माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना पक्षाघातानंतर नुकतेच घरी आणले आहे. उजवी बाजू लुळी आहे, नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न पोहोचवणारी नळी) आणि लघवीसाठी कॅथेटर (नळी) आहे. आम्ही सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्यामुळे प्रत्येक तपासणीसाठी त्यांना खाली उतरवणे शक्य नाही. घरी कोणाला बोलवावे आणि ब्यूरोकडून (घरी परिचारिका व मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेकडून) माणूस घेताना काय पाहावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

निवृत्त परिचारिका :
येणारी व्यक्ती जीएनएम किंवा एएनएम (परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली परिचारिका) असून तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे, की ती केवळ मदतनीस आहे, हे ब्यूरोला आधी विचारावे. गणवेशावरून हा फरक कळत नाही. अंग पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामे मदतनीस चोख करतात, परंतु कॅथेटर किंवा राइल्स ट्यूब बदलणे हे त्यांचे काम नव्हे. फिजिओथेरपीला मात्र उशीर करू नये, कारण हालचाल परत येण्याच्या दृष्टीने पहिले तीन महिने फार मोलाचे असतात.

डॉक्टर येतील तेव्हा त्यांना बैठकीच्या खोलीत चहा देऊन वाटेला लावू नये (आपल्याकडे हे फार होते). पलंगाची उंची, न्हाणीघराचा उंबरठा आणि औषधांचा डबा त्यांना दाखवावा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी डब्यात असते आणि दोन्ही गोळ्या दिल्या जात असतात, हे दवाखान्यात कागद पाहून सहसा लक्षात येत नाही. नळीतून भरवणेही परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवावे : पाठ ३० ते ४५ अंश उंच हवी आणि भरवल्यावरही काही काळ तशीच ठेवावी.

कोथरूडकर :
रक्ताचे नमुने बहुतेक प्रयोगशाळा घरी येऊन नेतात. मात्र धाप लागली, शुद्ध हरपू लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर घरी येणाऱ्या डॉक्टरांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

पेठेतला :
आभारी आहे. रात्री नाकातली नळी निघाली तर?

निवृत्त परिचारिका :
ती स्वतः आत ढकलू नये आणि तोंडाने पाणीही पाजू नये. रात्री येणारी परिचारिका मिळेल का, हे ब्यूरोशी आजच बोलून ठेवावे.